आवाज पडद्यावरूनच यायला हवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : होम थिएटरच्या रिसीव्हरवरचे 'सराउंड मोड' आणि घरातल्या ज्येष्ठांना ऐकू न येणारे संवाद

महोदय,

आपल्या दैनिकाच्या दिवाळी खरेदी पुरवणीत होम थिएटरवर पानभर मजकूर होता. वॅट किती, स्पीकर किती, हप्ता किती, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण संच घरी आणल्यावर रिमोटवरचं 'सराउंड' किंवा 'साउंड मोड' लिहिलेलं बटण कशावर ठेवायचं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्या एका बटणापायी माझ्या घरात दोन महिने जे झालं, ते इतर घरांतही होत असणार अशी माझी खात्री आहे. पत्र लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी २८ वर्षं नाटकांचा ध्वनी सांभाळला. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, पुण्याचं बालगंधर्व, दादरचं शिवाजी मंदिर आणि त्याशिवाय गावोगावचे कनाती लावून झालेले प्रयोग. माझी जागा प्रेक्षकांच्या मागे, मिक्सरजवळ. अंधारातून 'आवाज!' अशी हाक आली की काळजात धस्स व्हायचं. तालमीत दिग्दर्शक नव्या नटांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे : वाक्याचा शेवट खाऊ नकोस. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही नंतर. 'मी येणार' एवढंच पोचलं आणि 'नाही' विरून गेलं, तर शेवटच्या रांगेतला माणूस उलटाच अर्थ घेऊन घरी जातो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं तेव्हा माइक नव्हते, स्पीकर नव्हते, तरी शब्द पोचवायचा होताच. माझं सगळं काम त्या शेवटच्या शब्दासाठी होतं.

मुलगा पुण्याला असतो. गेल्या गणपतीत त्यानं आम्हा दोघांसाठी ५.१ चा संच घेतला : एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारी पेटी), पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर. दुकानातून एक तरुण बसवायला आला. तो तरुण कष्टाळू होता, वायरी पट्टीत घालून नीट नेल्या. आमचा हॉल चौदा फूट बाय अकरा फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे दोन्ही स्पीकर त्यानं सोफ्याच्या बरोबर डोक्यावर ठोकले. मधला स्पीकर टीव्हीखालच्या शोकेसमध्ये खालच्या फळीवर, पितळी समईच्या मागे गेला. मग एक गाणं लावलं आणि म्हणाला, "काका, बघा, सगळे स्पीकर वाजाय लागलेत." खोली आवाजानं भरून गेली, मुलगा खूश झाला, आम्हीही झालो. रिसीव्हरच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'मल्टी चॅनेल स्टिरिओ' असं काहीतरी उमटलेलं मी पाहिलं. नवीन वस्तूवर अक्षरं असतातच, म्हणून त्या दिवशी सोडून दिलं.

दुसऱ्याच रात्री एक मराठी कौटुंबिक चित्रपट बघत होतो. सौ. म्हणाली, "अहो, मागून कोण बोलतंय?" मागून कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर सासूसुनेचं भांडण चाललं होतं. मी आवाज वाढवला. दोन मिनिटांनी पार्श्वसंगीत आलं आणि खिडकीची काच थरथरली. मी आवाज कमी केला, की संवाद गेले. तिथून पुढे रोजचं हेच. रिमोट हातातून खाली ठेवता येईना. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा येऊन सांगून गेल्या. सौ. दर पाच मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाली ती?" मी सांगायचो, तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असायची. हळूहळू ती चित्रपट सुरू झाला की आत जाऊन बसायला लागली.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आईचे कान तपासून घ्या." तपासले. तिला वरच्या पट्टीतला आवाज कमी येतो. स, श, त, ट, ख अशा अक्षरांची धार त्याच पट्टीत असते. वयानं पुष्कळांचं असंच होतं. यंत्र घेतलं आणि त्याचा तिला दारात, बाजारात, फोनवर खरोखर उपयोग झाला. टीव्हीसमोर मात्र फरक पडेना. त्या यंत्रातून तिला गोंगाटच जास्त ऐकू यायचा. 'आता काही उपाय नाही, माझे कानच गेले' असं ती एकदा जेवताना म्हणाली. ते वाक्य मला फार लागलं. आयुष्यभर परक्या माणसांना शेवटच्या रांगेत ऐकू जावं म्हणून धडपडलो आणि घरच्या माणसाला दहा फुटांवरून ऐकू येत नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेआधी प्रत्येक स्पीकरपाशी जाऊन कान लावायची मला सवय होती. त्या रात्री घरात तेच केलं. सोफ्यावर उभा राहून मागच्या स्पीकरला कान लावला. पुढून येणारा संवाद शब्दन् शब्द तिथून येत होता, तेवढ्याच जोरात. चूक बसवणाऱ्याची, यंत्राची की माझी, हा प्रश्न मागे पडला. घडतंय काय ते मला कळलं होतं.

नाट्यगृहात मागच्या रांगांसाठी बाजूच्या भिंतींवर स्पीकर लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सतरा मीटर जायला एक विसांश सेकंद लागतो. वायरीतून मात्र तो भिंतीवरच्या स्पीकरला तत्क्षणी पोचतो. त्यामुळे मागच्या प्रेक्षकाला नट रंगमंचावर दिसतो आणि त्याचा आवाज कानाशेजारच्या भिंतीतून येतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतरानं आला, तर जो आधी येतो त्याच्या दिशेलाच कान विश्वास ठेवतो. नंतर येणारा बराच मोठा असला तरी. म्हणून भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायचा, रंगमंचावरचा आवाज प्रेक्षकापर्यंत पोचल्यावर. उशीर देणारं यंत्र आमच्याकडे आलं त्याआधी आम्ही भिंतीवरचे स्पीकर अगदी हळू ठेवून भागवत होतो.

आता आमचा हॉल बघा. मधला स्पीकर सौ.च्या कानापासून दहा फुटांवर, मागचा चार फुटांवर. सहा फुटांचा फरक म्हणजे पाच मिलिसेकंदांहून थोडा जास्त. मागचा आवाज आधी पोचत होता, तोही तेवढ्याच जोरात. 'मागून कोण बोलतंय' हे तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तिचे कान बरोबर सांगत होते आणि आम्ही दोघं बापलेक त्यांनाच दोष देत होतो.

हा 'सगळे स्पीकर सारखे' मोड जवळजवळ प्रत्येक रिसीव्हरवर असतो. डेनॉन आणि मरांट्झवर तो 'मल्टी चॅनेल स्टिरिओ', ऑंकियोवर 'ऑल चॅनेल स्टिरिओ', सोनीवर 'मल्टी स्टिरिओ' अशा नावांनी सापडेल. तो वाईट नाही. घरात बारसं आहे, पाहुणे स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत पांगलेत, सनई मंद चालू ठेवायचीय, तेव्हा हाच लावावा. गणपतीच्या आरतीला आम्ही अजूनही तोच लावतो. पण बसवायला येणाऱ्या मुलांना सगळे स्पीकर चालू आहेत हे गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं, म्हणून ते हा मोड लावतात आणि तसाच ठेवून निघून जातात.

चित्रपटाचा ५.१ आवाज कसा बांधलेला असतो, हे थोडं सांगतो, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. त्यात सहा स्वतंत्र धारा असतात. संवाद बहुतेक सगळे मधल्या धारेत. संगीत आणि हालचाल डावी-उजवीकडे. मागच्या दोन धारांत पाऊस, बाजार, रातकिडे, देवळातली घंटा, म्हणजे प्रसंगाभोवतीची हवा. '.१' म्हणजे फक्त खर्जाची धार, साधारण १२० हर्ट्झच्या खालची. ध्वनिमिश्रण करणाऱ्यानं कित्येक रात्री बसून ठरवलेलं असतं की अमुक शब्द मधून आणि अमुक गाज मागून. रिसीव्हरचं काम ती वाटणी आहे तशी पोचवणं. त्यासाठीचा मोड 'डायरेक्ट', 'स्ट्रेट', 'ऑटो' किंवा नुसता 'डॉल्बी डिजिटल' अशा नावानं दिसतो. 'डीटीएस' ही डॉल्बीसारखीच दुसऱ्या कंपनीची पद्धत, ती दिसली तरी बिचकू नये. कुठली पाटी लागावी हे डिस्क किंवा वाहिनी ठरवते, आपण नाही. छतावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या 'ॲटमॉस' पद्धतीचंही तेच. छतावर स्पीकर नसतील तर त्यातला पायाभूत आवाज ५.१ मध्ये नीट वाजतो, त्या पाटीच्या मागे लागण्याची गरज नाही.

मी मोड बदलून 'स्ट्रेट' केला आणि पुन्हा फसलो. मधला स्पीकर एकदम गप्प झाला. आवाज फक्त डावीकडून आणि उजवीकडून. बरेच लोक इथेच घाबरून परत 'सगळे स्पीकर'वर जात असतील. यंत्र खरं तेच सांगत होतं : त्याच्याकडे आवाजाच्या दोनच धारा येत होत्या. काचेवर 'पीसीएम' असं लिहिलेलं होतं, म्हणजे इथे साधा दोन धारांचा आवाज. सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलो. ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर होतं, ते बदलून डॉल्बी केलं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये तसंच एक 'पीसीएम' सापडलं, ते 'ऑटो' केलं. काही टीव्हींवर 'ऑटो'च्या जागी 'बिटस्ट्रीम' असं लिहिलेलं असतं. तेव्हा कुठे काचेवरची अक्षरं बदलली आणि 'डॉल्बी डिजिटल' उमटलं.

त्यानंतरचा शनिवार मी खटपटीत घालवला. समई शोकेसमधून काढून देवघरात ठेवली. मधला स्पीकर फळीच्या अगदी पुढच्या कडेला आणला आणि त्याखाली लाकडाची पाचर घालून त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वर केलं. सोफा दीड फूट पुढे ओढला. मागचे स्पीकर भिंतीवरून काढून दोन बाजूंना, कानाच्या थोडे मागे आणि थोडे वर लावले. समोरचा मध्य शून्य धरला तर मागच्या स्पीकरची जागा दोन्ही बाजूंना ११० अंशांच्या आसपास असावी, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मांडणीत आहे. नंतर संचाबरोबर आलेला छोटा माइक सोफ्यावर स्टूल ठेवून कानाच्या उंचीवर ठेवला आणि मोजमाप सुरू केलं. पहिल्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, दुसऱ्यांदा पंखा चालू राहिला होता. तिसऱ्यांदा जमलं. या मोजमापात रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर काढतो आणि जवळच्याला तेवढा उशीर देतो. आमच्या नाट्यगृहातलंच तंत्र, हातात मावणाऱ्या माइकवर. बसवणाऱ्यानं हे केलंच नव्हतं. माइक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आला नव्हता. शेवटी मधल्या स्पीकरची पातळी मी हातानं ३ डेसिबलनं वाढवली.

रात्री तोच चित्रपट पुन्हा लावला, तोच सासूसुनेचा प्रसंग. सौ. पलीकडे खुर्चीवर तांदूळ निवडत होती, लक्ष नाही असं दाखवत. सून दाराशी थांबते आणि सासूला काहीतरी बोलते. सौ.नं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "अहो, ती 'मी जाणार नाही' म्हणाली!" दोन महिन्यांपूर्वी तिला 'मी जाणार' ऐकू आलं होतं आणि मग सून घरातच कशी राहिली यावरून आमचा वादही झाला होता. ती उठून सोफ्यावर येऊन बसली. शेवटपर्यंत एकदाही 'काय म्हणाली' विचारलं नाही. आवाजाचा आकडा आधीपेक्षा कमी होता.

दोनच धारा येणाऱ्या गोष्टी अजूनही पुष्कळ आहेत. जुने चित्रपट, बऱ्याच वाहिन्या, मोबाइलवरून लावलेलं काहीही. त्यांच्यासाठी रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'डीटीएस न्यूरल:एक्स' असा मोड असतो आणि संवादासाठी तो माझ्या मते उत्तम. यामागची युक्ती जुनी आणि सुंदर आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर डॉल्बीनं फिल्मच्या कडेच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार दिशांचे आवाज गुंफायला सुरुवात केली. दोन्ही पट्ट्यांत जे सारखं असेल ते मधल्या स्पीकरला, जे एकमेकांच्या उलट असेल ते मागच्यांना. १९८२ साली हे घरगुती रूपात आलं, १९८७ साली 'प्रो लॉजिक' आलं, २००० साली त्याची दुसरी आवृत्ती. प्रो लॉजिकमध्ये मागचा आवाज मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडत, म्हणजे संवादाचा अंश मागे सांडला तरी कानाला तो पुढूनच आल्यासारखा वाटावा. हे मी वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आम्ही भिंतीवरच्या स्पीकरला जे करत होतो तेच कुणीतरी सोफ्यासाठी केलं होतं.

राहिले 'हॉल', 'स्टेडियम', 'चर्च', 'जॅझ क्लब' वगैरे. यामाहानं १९८६ साली डीएसपी-१ नावाचं यंत्र काढलं. खऱ्या सभागृहांत मोजमाप करून भिंतींवरून आवाज कसा परततो ते त्यात साठवलं होतं. ते काम मी मानतो. अगदी कोरड्या ध्वनिमुद्रणाला त्यानं कधी कधी ओलावा येतो. पण हा मोड संवादावर लावला की प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. वाक्याची सुरुवात जोरात असते आणि शेवट उतरता, त्यामुळे शेवट पहिल्यांदा बुडतो. मराठीत शेवट बुडाला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. कनातीखाली, पत्र्याच्या छपराखाली आम्ही आयुष्यभर त्या घुमाऱ्याशी झगडलो. गाद्या टांगल्या, गोणपाट लावलं. तोच घुमारा बटण दाबून घरात आणायचा, हे मला पाहवत नाही.

'स्टेडियम' नावामुळे लोक क्रिकेटला तो मोड लावतात. माझ्या भाच्यानं लावला होता. समालोचक विहिरीतून बोलल्यासारखा. क्रिकेटचं प्रक्षेपण ५.१ मध्ये येत असेल तर समालोचक मध्ये आणि गर्दी भोवती अशी वाटणी आधीच झालेली असते. दोनच धारा असतील तर वर सांगितलेला डॉल्बी सराउंड लावावा. गर्दीचा गलका दोन्ही बाजूंना वेगवेगळा असतो, त्यामुळे तो आपोआप पसरतो आणि बोलणारा मध्ये राहतो. भाच्यानं तसं करून पाहिलं आणि चौकार गेल्यावर मागे वळून पाहिलं.

गाण्याबद्दल मी जास्त हट्टी आहे. गाणं 'स्टिरिओ'वर, पुढच्या दोन स्पीकरवर. माझ्याकडे बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या पदांचा संग्रह आहे, एकेक पद तीन-साडेतीन मिनिटांचं. ते मोनो ध्वनिमुद्रण, म्हणजे दोन्ही धारा तंतोतंत सारख्या. डॉल्बी सराउंड लावला की युक्तीच्या नियमानुसार सगळं मधल्या एका स्पीकरमध्ये जातं : गळा, ऑर्गन, सारंगी, तबला. ते चूक नाही, पण आमचा मधला स्पीकर पुढच्या दोघांपेक्षा लहान आहे, गळ्याची गोलाई त्यात मावत नाही. स्टिरिओवर दोन मोठे स्पीकर मिळून तो गळा दोघांच्या मध्ये उभा करतात, अगदी समोर बसलं तर. 'हॉल'वर मी एकच पद ऐकलं. आलापीपर्यंत बरं वाटलं, तान आली आणि दाणे एकमेकांत मिसळून खीर झाली. ज्या गायकाच्या हरकतीतला प्रत्येक स्वर मोजून घ्यावा असा, त्याच्यावर आपण कृत्रिम घुमट बसवू नये. माझं हे मत कुणाला पटणार नाही, माझ्या मुलालाच पटत नाही. तो नवी गाणी डॉल्बी सराउंडवर ऐकतो, खुशाल ऐकावी.

रात्रीची एक सोय लिहितो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मेनूत 'नाइट मोड', 'मिडनाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं काहीतरी असतं. ते चालू केलं की स्फोट, ढोल, दाराचे धडाके खाली येतात आणि हळू बोलणं वर येतं. रात्री दहानंतर आम्ही ते लावतो. वरच्या वहिनी त्यानंतर आलेल्या नाहीत. दिवसा बंद ठेवावं, कारण उतारचढाव हाही प्रसंगाचाच भाग असतो.

आणखी एक. बहुतेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी मोड वेगळा लक्षात ठेवतात. टीव्हीला नीट केलं म्हणून डीव्हीडी प्लेअरला झालं असं नसतं. एका इनपुटवर नीट ऐकू येतं आणि दुसऱ्यावर नाही, अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघावं.

शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "सहा स्पीकरचे पैसे मोजले, मग मागचे गप्प का ठेवायचे?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर नाटकातलं आहे. एका प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या शेवटी, बाई एकटी ओसरीवर बसलेली असताना, विंगेतून रातकिड्यांचा आवाज मी सोडायचो. वीस सेकंद. बाकी दोन तास तो स्पीकर बंद असायचा. त्या वीस सेकंदांत सगळं नाट्यगृह त्या ओसरीवर जाऊन बसायचं. तोच स्पीकर अंकभर संवाद बोलत राहिला असता, तर रातकिड्यांना कुणी ओळखलंच नसतं. मागच्या स्पीकरचे पैसे त्या वीस सेकंदांचे असतात.

आता मागण्या. विक्रेत्यांना : संच बसवणाऱ्या मुलाला गिऱ्हाइकासोबत पंधरा मिनिटं बसायला सांगा. माइकचं मोजमाप करून द्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोफ्यावर बसवून एक संवादाचा प्रसंग ऐकवा. त्यांना शेवटचा शब्द कळला की मगच सही घ्या. पंधरा मिनिटं दिलीत तर ते गिऱ्हाईक कायमचं तुमचं. उत्पादकांना : सोबत मराठीत एक पान द्या, चार मोडांची नावं आणि कधी काय लावायचं एवढंच. शंभर पानी इंग्रजी पुस्तिका आमच्या पिढीतल्या किती जणांनी उघडली असेल? आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत वॅटच्या चौकटीशेजारी एवढी माहिती छापावी.

मुलामुलींनाही एक सांगणं आहे. आईवडील टीव्हीसमोरून उठून जायला लागले असतील तर त्यांचे कान जरूर तपासा, यंत्र लागत असेल तर घ्या, सौ.ला त्याचा फायदा रोज होतो. पण त्याच दिवशी रिसीव्हरच्या काचेवर काय लिहिलंय तेही वाचा.

सांगली-मिरजेत कुणा ज्येष्ठांच्या घरी असाच त्रास असेल तर मी स्वतः येऊन बघायला तयार आहे. मोबदला नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मोजपट्टी आणि पाचर मी घेऊन येईन. त्या अर्ध्या तासापुरता पंखा बंद ठेवावा आणि कुकर आधी उतरवून ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त नाट्यध्वनी तंत्रज्ञ,
विश्रामबाग, सांगली